तिरळ्या बॉबचा फोटो

दक्षिण गोलार्धातल्या मोत्यांच्या या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे डिसेंबरच्या सुमाराला, निरभ्र दुपारी एकाएकी वारा उठतो. पाच मिनिटांत होड्या उलथवतो आणि जसं काही झालंच नाही अशा थाटात निघून जातो. त्याला सगळे म्हणतात ‘तिरळा बॉब’. का, ते कुणालाच ठाऊक नाही. तरी गावच्या संग्रहालयातल्या नोरीनबाईंनी या नावाची पाटी लावायचं काढलं. पाटीवर एकाच फोटोपुरती जागा होती.

स्नो ट्रेविकला तिथे त्याचे आजोबा हवे होते. आजोबांचं नाव बॉब. पण नजर सरळ, ओळंब्यासारखी. शेजारच्या क्लेम पास्कोचे आजोबा अस्सल तिरळे. पण नाव आल्फ्रेड.

“नाव काय, कुणीही ठेवतं,” क्लेम म्हणाला. “तिरळेपणा अंगात असावा लागतो.”

“मग वाऱ्याला तिरळा आल्फ्रेड म्हण की, लेका!”

स्नो तोंडाने हसला, पण पोटात दुखायला लागलं. एवढा उत्तम तिरळेपणा, आणि तो देवाने पास्कोंच्या घरात वाया घालवला! क्लेमकडे कोण येतं, तो कुठले कागद उपसतो, यावर स्नो कुंपणाआडून पाळत ठेवू लागला. उजवा डोळा शेगडीवरच्या सॉसेजवर, डावा क्लेमच्या खिडकीवर. असे आठ महिने.

“बोलताना माझ्याकडे बघ जरा,” बायको म्हणायची.

“तुझ्याकडेच बघतोय.”

“अर्धाच बघतोयस.”

डिसेंबरात बातमी आली, की नोरीनबाई क्लेमकडे चहा पिऊन आल्या. स्नो तडक संग्रहालयात घुसला. दार आपटलं, खुर्ची उलटली, तीन शिंपले फुटले. “तिरळे पैशाला पासरी मिळतात! बॉब असावं लागतं, बॉब!” ओरडून तो गेलासुद्धा. बाहेर आभाळ निरभ्र होतं.

टोपी राहिली म्हणून तो परत आला, तेव्हा नोरीनबाईंच्या हातात कॅमेरा होता.

“इकडे बघ.”

“बघतोय की.”

बाईंनी त्याच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं. “तुला तुझ्या आजोबांचंच नाव ठेवलंय ना रे? स्नो म्हणतात ते केसांमुळे?”

“हो. का?”

आठवड्याने पाटी लागली. फोटो स्नोचा. खाली लिहिलं होतं: ‘बॉब ट्रेविक. शब्दाचं मूळ अज्ञात, नमुना स्थानिक.’

स्नो पाटीसमोर ताठ उभा राहिला. शेजारी क्लेम जळून कोळसा झाला होता. मान न वळवता, डाव्या डोळ्याने स्नोला तो अगदी स्वच्छ दिसला.