फोनवाल्या काकूंचा बिनसिमचा फोन

मुलगा आणि सून कामाला गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ वायफायच्या डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला. काकूंनी डब्याची वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. लाल. मग त्यांनी डब्याला एक चापट दिली, तरी लालच. आता त्यांच्या हातातला फोन आरशाएवढाही कामाचा राहिला नव्हता. आरशात निदान आपलं तोंड तरी दिसतं.

काकूंच्या फोनमध्ये सिम नव्हतं, आणि ते त्यांनीच काढायला लावलं होतं. मुलाने स्वतःचा जुना फोन दिला तेव्हा ती नखाएवढी चकती आत होती. पण काकू भाजी निवडून घेत असल्या की फोन, जिना चढत असल्या की फोन. कुणी म्हणे कर्ज घ्या, कुणी म्हणे बक्षीस लागलंय. एकाला तर त्यांनी भर बाजारात उभं राहून त्याच्या सात पिढ्यांची उजळणी करून दिली. घरी येऊन मुलाला म्हणाल्या, "काढ ती टिकली. मी काय गळ्यात घंटा बांधलेली गाय आहे, कुठे चरते ते सगळ्यांना कळायला?"

"आई, मग तो घराबाहेर चालणार नाही. वायफाय असेल तिथेच चालेल."

"माझा पहिला फोन कधी दाराबाहेर गेला होता का रे?"

मुलाने चकती काढून कपाटात ठेवून दिली.

तो पहिला फोन काळा होता, जड होता, आणि अख्ख्या गल्लीत एकटाच होता. कोपऱ्यातल्या तिवईवर, काकूंनी स्वतः विणलेल्या झालरीच्या रुमालाखाली तो बसलेला असे. त्याच्या आकड्यांच्या चकतीला इवलंसं कुलूप, आणि किल्ली काकूंच्या कमरेला. गल्लीत कुणाला नोकरी लागली, कुणाला मुलगी झाली, कुणाचा जावई रुसला, हे त्या माणसाच्या आधी काकूंना कळायचं. घंटा वाजली की काकू ओले हात पुसत यायच्या, ऐकून घ्यायच्या, आणि सज्जात जाऊन अशी हाक मारायच्या की टोकाच्या घरातला माणूस अर्धी दाढी ठेवून पळत यायचा. तेव्हापासून त्या फोनवाल्या काकू. पुढे घरोघर फोन आले, मग खिशाखिशांत आले, काळा फोन भंगारात गेला, पण नाव काही कुणी परत मागितलं नाही.

बाकीच्यांना त्या काकू, मुलांना आई, नातवंडांना आजी. नाव घेऊन हाक मारणारी माणसं एकेक करून निघून गेली होती. उरली होती फक्त ताई, सातासमुद्रापलीकडे मुलाजवळ राहणारी थोरली बहीण. ती त्यांना 'चिंगे' म्हणायची. चिंगी, म्हणजे बोटभर माशासारखी, हातात न सापडणारी. काकू आता दोन्ही हातांनी कठडा धरून जिना उतरत, पण ताईच्या लेखी अजून चिंगीच.

त्या ताईच्या घशात गाठ निघाली. भाचा फोनवर म्हणाला होता, "मावशी, आवाजाची पेटीच काढावी लागणार आहे. आईचा जीव वाचेल, पण ती बोलू शकणार नाही. आज दुपारी आत नेण्याआधी फोन लावतो. मनसोक्त बोलून घ्या दोघी."

आणि नेमका आज डबा बसला रुसून.

काकूंना ताईच्या आजाराची भीती नव्हती असं नाही. पण ताई चिवट, ती निभावणार, हे त्यांना आतून ठाऊक होतं. त्यांना चुटपुट लागली होती ती वेगळीच. आज तो फोन आला नाही, तर 'चिंगे' हा शब्द या जगात पुन्हा कुणाच्या तोंडून निघणार नव्हता. कुणाला सांगितलं असतं तर हसलं असतं. म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंच नाही.

भाच्याला दुसरीकडून फोन करावा, तर त्याचा नंबर कुणाला माहीत? त्याच्या फोटोला बोट लावलं की तो लागायचा. एके काळी सगळ्या गल्लीच्या सासरमाहेरचे नंबर मुखोद्गत असलेली बाई, आणि आज मुलाचा नंबरही येत नव्हता. शेजारच्या दाराला कुलूप. वरच्या मजल्यावर रंगकाम. काकूंनी सुनेने शिकवलं होतं तसं फोनवर बोट ओढलं, तर वायफायच्या यादीत एकच नाव दिसलं, आणि त्याच्यापुढे बारीकसं कुलूप. अक्षरं जुळवत त्यांनी वाचलं: शि-व-ण-घ-र.

"बरोबर," काकू स्वतःशीच म्हणाल्या. "हिचंच असायचं."

शिवणघर म्हणजे तळमजल्यावरची शिंपीण. सगळ्या गल्लीत आपला फोन आधी कुणी घेतला असेल, तर हिने. आणि सांगितलंही नव्हतं. एक दिवस खालून घंटा ऐकू आली, आणि काकू आपल्याच फोनकडे धावल्या, तर तो मख्ख. त्या दिवसापासून काकूंनी शिंपिणीची पायरी चढली नव्हती. कपडे शिवायला दोन गल्ल्या ओलांडून जायच्या, तिथला शिंपी एक बाही आखूड करायचा, तरी तिथेच जायच्या. जिन्यात समोर आली की काकू भिंतीचा रंग बघत.

'अडला हरी, गाढवाचे पाय धरी,' काकूंच्या मनात आलं. मग वाटलं, म्हणीत हरी आपण असलो तरी धरायचे ते पायच ना. त्यांनी केस सारखे केले, खांद्यावरची शाल नीट केली, फोन कमरेला खोचला आणि जिना उतरायला लागल्या.

शिंपीण मशिनवर वाकून कशाची तरी दुमड घालत होती. तोंडात दोन टाचण्या, गळ्यात टेप. दारात सावली पडली म्हणून तिने मान वर केली. काकूंना बघितलं, आणि तिचा पाय मशिनवरच थांबला. टाचण्या काढून तिने हातात घेतल्या. तोंड पांढरंफटक.

"काकू," ती म्हणाली, "कोण गेलं?"

"काय?"

"सांगून टाका. मी बसलेलीच आहे."

काकूंना आधी कळेना. मग कळलं, आणि त्या दारातच कठडा नसताना कठडा शोधू लागल्या. जुन्या दिवसांत चांगली बातमी असली, साधी असली, की काकू सज्जातून हाक मारत. वाईट असली की हाक मारत नसत. चपला घालून स्वतः जिना उतरत, त्या दारात उभ्या राहत, आणि आधी म्हणत, 'बस गं जरा.' गल्लीत कुणालाही विचारा, काकू न हाकारता दारात आल्या म्हणजे काय, ते लहान पोरांनाही माहीत होतं. या शिंपिणीची आई गेली तेव्हाही काकू अशाच याच दारात आल्या होत्या.

"कुणी गेलं नाही गं बाई," काकू म्हणाल्या. आवाज त्यांना हवा होता तेवढा कडक निघाला नाही. "सगळे जिवंत आहेत. माझा डबा तेवढा मेलाय."

शिंपिणीने एवढा मोठा श्वास सोडला की कापडावरच्या दोरे-चिंध्या उडाल्या. "जीव घेतलात माझा! या, बसा. इतक्या वर्षांनी आलात ते डब्यासाठी?"

"बसायला आले नाही. तुझं ते वायफाय हवंय. घटकाभर." मग जरा थांबून, भिंतीकडे बघत: "माझ्या ताईचा फोन यायचाय. उद्यापासून ती बोलायची नाही."

"का? भांडलात?"

"भांडलो असतो तर बरं झालं असतं," काकू म्हणाल्या, आणि गाठीचं, पेटीचं, सगळं सांगून टाकलं. चिंगीचं तेवढं सोडून.

शिंपिणीने उठून खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग खाली ठेवला. "बसा आधी. आणि टाका तो नंबर."

"कसला नंबर? मला इंग्रजी टाकता येत नाही. तूच टाक."

"इंग्रजी नाही. नुसते आकडे आहेत, आणि तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले पाठ आहेत. दोन, सात..."

काकूंचं बोट दोन-सातपर्यंत गेलं आणि शिंपिणीने पुढचा आकडा उच्चारायच्या आत आपण होऊन पुन्हा सातवर, नऊवर, तीनवर गेलं. मग ते हवेतच राहिलं.

"हा तर माझा नंबर! काळ्या फोनचा!"

"दोनदा टाका. एकदा टाकला तर डबा म्हणतो, आकडे कमी आहेत. तुमचा नंबर आणि कमी! मीही म्हटलं, थांब, दोनदा देते."

"पण माझा का?"

"मला दुसरा कुठला पाठ आहे? माझा स्वतःचा विचारा, नाही सांगता येणार. तुमचा मी नवऱ्याला लग्नाआधी दिला, मुलाच्या शाळेत दिला, दुकानाच्या पहिल्या पाटीवर रंगवला. अजून कधीकधी गिऱ्हाईकाला चुकून तोच सांगते." शिंपीण हसली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन गल्ल्या ओलांडून आखूड बाह्या शिवून आणता, आणि इथे कुलपाला तुमचीच किल्ली."

"माझ्या बाह्या बघत होतीस?"

"डोळ्यांत खुपतात त्या, काकू."

काकूंनी नंबर दुसऱ्यांदा टाकला. कुलपाच्या जागी वायफायचा छोटा पंखा उमटला. त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि मग राहवलं नाही म्हणून बोलल्याच. "एवढा पाठ होता, तर मला न सांगता आपला फोन का घेतलास?"

"बाहेरगावी राहणाऱ्या नवऱ्याशी फोनवर भांडायची सोय नव्हती हो तुमच्या घरी! मी बोलायला लागले की तुम्ही तिथेच टॉवेलची घडी घालायच्यात."

"घरात घड्या घालायच्या नाहीत का माणसाने?"

"एकाच टॉवेलची? दहा वेळा?"

काकूंनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी फोन वाजला. दोघी दचकल्या.

पडद्यावर आधी इस्पितळाचं छत आलं, मग भाच्याची हनुवटी, आणि मग उशांना टेकून बसलेली ताई. हिरवा झगा, डोक्याला टोपी. आवाज फाटलेला, चाळणीतून पडावा तसा.

"चिंगे! कुठे बसलीयेस गं ही? मागे एवढे कपडे कसले? दुकान टाकलंस?"

झालं. आला तो शब्द. काकूंना वाटलं होतं तो ऐकला की आपण रडू. रडू आलं नाही, राग आला. "दुकान कसलं! तुझ्यासाठी लोकांच्या दारात येऊन बसलेय. डबा बिघडलाय."

"चिंगे, केस विंचरले नाहीस. चिंगे, ऐक, गुडघ्याला तेल लावतेस का? चिंगे, तो तुझा दात काढलास का अजून? नाहीस ना? माहीत होतं. चिंगे, अगं, बोल ना काहीतरी."

"बोलू कधी? तोंडाचा पट्टा थांबव तुझा! आणि किती वेळा नाव घेतेस? झिजून जाईल."

"झिजू दे. उद्यापासून ठेवू कुठे मी ते? सगळं आजच वाटून टाकते," ताई म्हणाली, आणि हसली, आणि हसता हसता खोकली. भाच्याचा हात तिच्या पाठीवर आला. "हा म्हणतो, आवाज भरून ठेवू. म्हटलं, काही नको. बरणीत भरून माळ्यावर ठेवायला आवाज म्हणजे काय चीज आहे? नंतर तू काढून ऐकत बसशील आणि घरात कामं पडतील."

"मी नाही ऐकायची."

"ऐकशील. मला माहीत नाही का तू?"

काकूंना लहानपणची विहिरीकडची पायवाट दिसत होती, पुढे ताई, तिच्या दोन वेण्या, आणि मागे आपण, पावलांत पाऊल टाकत. ताई मागे न बघता हाक मारायची, चिंगे, आहेस का? आहे. चिंगे, आहेस का? आहे गं बाई, आहे.

पलीकडे कुणीतरी खोलीत आलं. चाकांचा आवाज झाला. भाचा हळूच म्हणाला, "मावशी, न्यायला आलेत."

"जा," काकू म्हणाल्या. "घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू? घाबरट तू. चिंगे..." ताईने अजून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण पडदा आधी गोठला आणि मग काळा झाला. तिचं वाक्य तिच्याजवळच राहिलं.

शिंपीण मघापासून पाठ करून उभी होती, एकाच कपड्याची घडी घालत. काकूंनी ते पाहिलं. म्हणाल्या, "पोराचा निरोप येईपर्यंत इथेच बसते. नुसती बसणार नाही, काहीतरी काम दे."

शिंपिणीने बटणांची डबी आणि एक सदरा त्यांच्या पुढ्यात ठेवला. "दिसतं ना ओवायला?"

"तुझ्यापेक्षा चांगलं."

तिन्हीसांजेला भाच्याचा निरोप आला: झालं, आई सुखरूप आहे. तोवर काकूंनी सगळी बटणं लावली होती, आणि शिंपिणीची दोन काढून परत लावली होती.

दुसऱ्या दिवशी माणूस येऊन वरचा डबा बदलून गेला. लख्ख हिरवा दिवा. मुलगा म्हणाला, "आई, आता बस निवांत घरात." काकू हो म्हणाल्या. मुलगा गेल्यावर फोन घेतला आणि खाली उतरल्या. शिंपिणीने विचारलं, "डबा?" "अजून नाही," काकू म्हणाल्या आणि खुर्ची ओढली. तिसऱ्या दिवशीही डबा 'अजून नाही'च होता. शिंपिणीने काल जिन्यात त्या माणसाला नवीन खोकं घेऊन जाताना बघितलं होतं, पण तिने टाचण्या तोंडात धरल्या होत्या, आणि टाचण्या तोंडात असताना माणूस बोलत नाही.

त्या दुपारी फोन थरथरला. भाच्याचा फोटो, पण खाली अक्षरं. शिंपिणीने वाचून दाखवायला हात पुढे केला. काकूंनी फोन आपल्याकडे ओढला, खिडकीच्या उजेडात लांब धरला, आणि एकेक अक्षर लावलं.

चिगे.

बस, एवढंच. काकूंनी पुन्हा वाचलं. मग पुन्हा.

"काय लिहिलंय?" शिंपिणीने विचारलं. "बऱ्या आहेत ना?"

"बरीच आहे मेली! अनुस्वार खाल्लाय. शाळेतही असाच खायची, मास्तर छडी मारायचे." काकूंनी नाक ओढलं, आणि फोन मांडीवर ठेवून अक्षरांचा तक्ता उघडला. ताईचा त शोधायला त्यांना बराच वेळ लागला.