एक चाक जॅकवर

आमच्या गॅरेजात येणारे लोक मला 'कानसेन' म्हणतात. हे नाव मीच पसरवलं आहे. गाडी फाटकातून आत येईपर्यंत तिचं दुखणं आवाजावरून सांगायचं, ही माझी तीस वर्षांची शेखी. बोनेट उघडण्याआधी मी डोळे मिटतो, मान तिरपी करतो आणि हात वर करून सगळ्यांना गप्प बसवतो. यातलं निम्मं नाटक असतं, पण गिऱ्हाइकांना ते आवडतं आणि मला तर फारच.

माझी लेक सहा वर्षं माझ्याबरोबर काम करते आहे. ब्रेक, क्लच, इंजिन सगळं तिच्या हाती दिलं, फक्त डिफरन्शियल दिलं नाही. "ते कानाचं काम आहे, तुझा कान अजून तयार नाही," असं मी तिला ऐकवत आलो. परवा तिने शांतपणे सांगितलं, की एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तिला बोलावलंय आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत होय-नाही कळवायचं आहे. मी "बरं" म्हणालो.  ती गेली तर गॅरेज चालेल, पण मला तिथे जावंसं वाटणार नाही, हे तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी ठरवलं, जायच्या आधी हिला असं काही करून दाखवायचं की 'बाबांकडून अजून शिकायचं राहिलंय' असं तिचं तिलाच वाटावं.

शनिवारी सकाळी गुरांच्या डॉक्टरीणबाई त्यांची पिकअप घेऊन आल्या.

"हळू वळवताना मागून कटकट येते. महिन्यापूर्वी तुम्ही सर्व्हिसिंग केलंत, तेव्हापासून."

मी त्यांना शेजारी बसवून आवारात दोन चकरा मारल्या. कान टवकारले. सगळं कसं शांत शांत वाटलं.

"मागे रिकामे डबे वगैरे आहेत का?"

"अहो, आत्ता आली! ही काय, आत्ताही येतेय!"

"तो रस्त्याचा आवाज," मी ठणकावून सांगितलं. आम्ही माझ्याच गुळगुळीत सिमेंटच्या आवारात होतो.

लेक हात पुसत बाहेर आली. हीच ती वेळ, असं मला वाटलं. मी जॅक आणला, पिकअपचं मागचं एक चाक उचललं आणि डॉक्टरीणबाईंकडे तोंड करून, पण लेकीला ऐकू जाईल अशा बेताने, व्याख्यान सुरू केलं.

"वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी म्हणजे डिफरन्शियल. पण साध्या डिफरन्शियलला एक खोड असते. एक चाक चिखलात गेलं, की ते जागच्या जागी भिरभिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं ढिम्म हलत नाही. तुम्हाला गोठ्यापर्यंत चिखलातूनच जायचं असतं, म्हणून तुमच्या गाडीत लिमिटेड-स्लिप बसवलंय. त्याच्या पेटीत चकत्यांची चळत असते. एक चाक फार पळायला लागलं, की चकत्या एकमेकींना दाबून धरतात आणि जोर दुसऱ्या चाकालाही मिळतो. एक चाक हवेत असलं ना, तरी दुसरं गाडी पुढे नेतं!"

"वा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मीही मनातल्या मनात स्वतःला 'वा' म्हणालो. मग आत बसलो, इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला आणि उघड्या दारातून कान बाहेर काढला. साध्या गाडीत आम्ही असंच करतो. उचललेलं चाक फिरवायचं आणि आवाज ऐकायचा. जमिनीवरचं चाक ढिम्म असल्यामुळे गाडी हलत नाही. बाजूला लेक हातवारे करून काहीतरी ओरडत होती. मी तिच्याकडे बघून प्रसन्न हसलो, मान डोलावली आणि क्लच सोडला.

मिनिटभरापूर्वी मी जे समजावून सांगितलं होतं, ते पिकअपने तंतोतंत करून दाखवलं. जमिनीवरच्या चाकाने जोर घेतला, गाडी जॅकवरून धप्पकन उतरली आणि मला घेऊन थेट माझ्या प्लायवुडच्या ऑफिसात शिरली. टेबल आडवं झालं, खुर्ची मोडली, इंजिन बंद पडलं. बंपरला पोचा आला, पण कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माझी अब्रू सोडली तर सगळे सुखरूप होते.

मी गाडीतून उतरून प्लायवुडच्या भुशात बसलेला असताना डॉक्टरीणबाईंनी म्हणे माझ्या एका कानामागे चुटकी वाजवली, मग दुसऱ्या. त्या समोर आल्या तेव्हाच त्या मागे होत्या हे मला कळलं.

"म्हाताऱ्या कुत्र्यांचे कान मी असेच तपासते," त्या मोठ्याने म्हणाल्या. "कुत्री निदान मान तरी वळवतात."

लेक हसली नाही.

"बाबा, या पेटीला चकत्यांसाठीचं वेगळं तेल लागतं. महिन्यापूर्वी तुम्ही साधं ओतत होतात तेव्हा मी मागून ओरडले होते. तुम्ही 'हो हो' म्हणालात आणि तेच ओतलंत. साध्या तेलात चकत्या वळणावर अडकतात आणि सुटतात. तीच ही कटकट."

"तुला येते ती ऐकू?"

"गाडी फाटकातून वळली तेव्हाच आली." तिने आडवं टेबल सरळ केलं. "गेल्या दोन वर्षांत अशा चार गाड्या परत आल्या होत्या. तुम्ही जेवायला गेलात की मी उघडून नीट केल्या."

म्हणजे गेली दोन वर्षं कानसेन ती होती आणि पाठ मी थोपटून घेत होतो.

"बोलली का नाहीस?"

"किती वेळा बोलले! मला वाटायचं, माझं म्हणणं तुम्हाला ऐकायचंच नसतं. म्हणून तर ती नोकरी बघितली."

 मी बहिरा आहे हे कळू नये म्हणून दोन वर्षं मी हो हो करत राहिलो, आणि ही पोर समजत होती की बापाला आपली किंमत नाही.

"मला ऐकूच येत नाही गं," मी म्हणालो. "लाज वाटायची सांगायला."

ती वाकून मोडकी खुर्ची बाजूला करू लागली आणि माझ्याकडे पाठ असताना तिचे खांदे जरा हलले. ती काहीतरी म्हणाली होती. सवयीप्रमाणे माझी मान हो म्हणायला निघालीच होती, ती मी आवरली.

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "परत सांग."

ती वळली, माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली आणि सावकाश म्हणाली, "जाऊ का मी, असं विचारलं."

"नको जाऊस!" मी म्हणालो, आणि ते इतक्या मोठ्याने निघालं की डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.