सायराबीची माती

मय्यत घरात फार वेळ ठेवू नये, हे तेर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सायराबी गेल्या त्या दिवशी त्यांच्या नवऱ्यानं, दस्तगीरचाचांनी, ही रीत मोडली. एकुलता एक लेक सादिक तासाभरावरच्या तुरुंगात, खटला चालायचा बाकी. आईला माती द्यायला त्याला सोडा, असा कोर्टाचा हुकूम दुपारी तुरुंगात पोचला होता. आता येईल, मग येईल करत चाचांनी बर्फाच्या लाद्या आणवल्या. सून यास्मिन दाराशी बसून पोलिसांच्या जीपची वाट बघत राहिली. भर दुपारची जोहरची नमाज झाली, उन्हं कलल्यावरची असरची झाली. लोक कुजबुजले, "म्हातारा लई हट्टी. बायकोला मेल्यावरबी सुख न्हाय." दिवस मावळल्यावर सायराबींना उचललं. सादिकला सोडलंच नव्हतं. का? तर म्हणे सोबतीला शिपाई नव्हता. मेल्या तोंडाचे!

पुढं सादिक निर्दोष सुटला आणि हुकूम असून आईच्या मातीला सोडलं नाही म्हणून त्यानं सरकारवर दावा लावला. घरच्यांनी दिवसभर वाट बघितली, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. जळल्या जिवाला आणखी किती जाळायचं? त्याचं एकच म्हणणं, "माझ्यावर जुलूम झाला, एवढं जज्जनं तोंडानं म्हणावं."

त्याच्या शिवांजली वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं, "अंगावर वळ नाही, हाड मोडलं नाही. कैद्याच्या नुसत्या दुःखाला भरपाई द्यायची म्हटलं की कोर्टाचा हात आखडतो. तुम्ही मातीला पोचला असता, हे सिद्ध झालं तरच काही खरं."

साक्षीला चाचा उभे राहिले. "माती कधी दिली?" सरकारी वकिलानं विचारलं. चाचांनी मागं बघितलं. बाकावर जमातीतली चार माणसं बसलेली. चाचांची मान खाली गेली.

"जोहर झाली की लगेच," ते म्हणाले. "आमच्यात मय्यत ठेवत न्हाईत."

झालं! यास्मिनला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. अहो, खोटंच बोलायचं तर फायद्याचं तरी बोलावं माणसानं!

वकीलबाई तणतणत व्हरांड्यात आल्या. "हुकूम तुरुंगात पोचला तोवर माती झालेली, मग हे कसेही निघाले असते तरी पोचले नसते, असंच जज्ज म्हणणार. यास्मिन, तुम्ही घरीच होतात ना? वेगळं काही असेल तर आत्ता साक्षीत सांगा."

यास्मिन बोलणार, तेवढ्यात तिला सादिकचा आवाज आला. तो बापाशेजारी बाकड्यावर बसला होता. "अब्बा, लई बरं केलंत. अम्मी माझ्यापायी ताटकळत पडली असंल, हेच मला रात्रंदिस खात होतं. आज जीव थंड झाला." चाचा हुंदके देत होते, आणि सादिक आपल्या रुमालानं त्यांचे डोळे पुसत होता.

"मला काय सांगायचं न्हाय, बाई," यास्मिन म्हणाली.

निकाल लागला. नाममात्र भरपाई. जुलमाचा शब्दसुद्धा नाही.

"म्हंजे जुलूम झालाच न्हाय म्हणायचा?" पायऱ्या उतरताना सादिकनं विचारलं.

"झाला," यास्मिन म्हणाली. "पर अम्मी ताटकळल्या न्हाईत."

एवढं खोटं तिनं त्याच्या तोंडाकडं बघून सांगितलं. मग पदर तोंडात कोंबून ती तिथंच पायरीवर बसली आणि रडली.