रिकामा माईक आणि आठ धुना

मित्रांनो, मी विशाखाची लाल गिटार. विजेवर वाजणारी, आता वयानं थकलेली. तिचा हात टेकतो तिथला माझा रंग पार उडाला आहे.

कोलकात्याच्या एका छोट्या कारखान्यात कारागिरांनी मला घडवलं. विशाखाला वाळूजला नोकरी लागली, त्याच महिन्यात तिनं मला पुंडलिकनगरच्या घरी आणलं. तेव्हापासून बारा वर्षं मी तिच्या गळ्यात आहे. शेजारच्या माईकवर तिचा मित्र शिवराज गायचा. गाणी लिहायचाही तोच. तो दोन ओळी गायचा, मग मी कडाडायचे आणि पोरं खुर्च्या सोडून उभी राहायची. फार कौतुक झालं माझं त्या काळात.

गेल्या वर्षी शिवराजच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण गाणं गेलं. राहिली ती नुसती घोगरी कुजबुज. आवाज परत येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. तो विशाखाला म्हणाला, "कुणाला सांगू नको. लोकांनी कीव केलेली मला चालायची नाय." तिनं शब्द दिला.

पुढचे पाच महिने मी कपाटामागे पडून होते. तारांवर गंज चढला. मला वाटलं, संपलं आपलं. पण एका रविवारी दुपारी तिनं मला बाहेर काढलं, नव्या तारा चढवल्या आणि वाजवायला बसली. शिवराज रोज येऊन समोर बसायचा. सूर खटकला की टेबलावर बोट आपटायचा. अशा आठ धुना तयार झाल्या. त्यांत शब्द एकही नव्हता.

अल्बम बाहेर आला आणि घरातली शांतता गेली. विशाखा पलंगावर बसून मोबाईलवर लोकांनी लिहिलेलं वाचायची, मी शेजारी असायचे. कुणी लिहिलं, कंपनीच्या बसमध्ये ऐकत होतो, उतरायचा थांबा मागं गेला. कुणी लिहिलं, नुसतं वाजवणंच आहे, गाणं कुठं आहे? इथवर ठीक होतं. पण सिल्लोडच्या सोमनाथनं लिहिलं, 'ताईनं शिवराजला बाजूला काढलं. आता एकटीच मिरवणार.' हा सोमनाथ आमचा एकही कार्यक्रम न चुकवणारा. त्यामुळे लोकांनी ते खरं मानलं, आणि बघता बघता ते शेकडो जणांनी पुढे पाठवलं.

तिची आई कडूबाई कळवळून म्हणाली, "येवढं बोलायलेत लोक तुला. खरं काय ते लिहून टाक ना."

"शिवराजला शब्द दिलाय, आई," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या रविवारी संध्याकाळी कार्यक्रम होता. सभागृह भरलेलं, पण नेहमीची गडबड नव्हती. विशाखानं मला गळ्यात घातलं आणि एकेक तार जुळवून घेतली. पहिली धून संपली. अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, अर्धे हाताची घडी घालून बसले. मग पुढच्या रांगेतून सोमनाथ उठला.

"ताई, आधी शिवराजला बोलवा. मग वाजवा."

मागून आवाज वाढले. दोन रांगा उठून चालू लागल्या. विशाखानं माझी मान इतकी घट्ट आवळली की तारा तिच्या बोटांत रुतल्या.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून शिवराज चालत आला. पायऱ्या चढून विशाखाशेजारच्या त्याच्या रिकाम्या माईकसमोर उभा राहिला. लोक ओरडायला लागले, गाणं म्हण, गाणं म्हण. तो माईकला अगदी चिकटून बोलला.

"मला तिनं काढलं नाय. माझा आवाज गेलाय. सांगू नको, असं मीच म्हणलो होतो."

तो घोगरा, फाटका आवाज सगळ्यांनी ऐकला. निघालेले लोक होते तिथंच थांबले. शिवराज मंचाच्या कडेला बसला आणि विशाखाला म्हणाला, "वाजव."

ती वाजवत गेली. सगळ्यांना आवडलं असं मात्र नाही, मित्रांनो. पाचव्या धुनेला काही जण निघून गेलेच.

कार्यक्रम संपल्यावर सोमनाथ मंचाजवळ आला. मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं, ताई. माहीत नसताना लिहिलं. पण खरं सांगू का, मला शब्दांबिगर करमत नाय."

बऱ्याच दिवसांनी विशाखा हसली. "मग तसं लिही. ते मला चालतं."

मित्रांनो, आमचं वाजवणं आवडलं नाही तर खुशाल तसं सांगा. त्यानं आमच्या तारा तुटत नाहीत. पण वाजवणाऱ्याच्या मनात काय आहे, हे त्याला न विचारता ठरवू नका. आणि वाजवून झालं की आम्हाला तसंच ओलं ठेवू नका, घामानं तारा गंजतात.

त्या संध्याकाळी विशाखानं मला गळ्यातून काढून शिवराजच्या हातात दिलं. त्यानं मला मांडीवर घेतलं, खिशातला रुमाल काढला आणि एकेक तार सावकाश पुसली.