नऊ दिवस बंद लिफ्ट

रविवारी सकाळी लेक यात्रेचा अर्ज भरायला बसली. डोंगरावरचं महादेवाचं देऊळ, चौदा किलोमीटरची चढण. आईची इच्छा राहून गेली, निदान बाबांना तरी घेऊन जाऊ, असं तिनेच ठरवलं होतं. बाबा समोर बसले होते. चाळीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केलेला माणूस. इमारतीत सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत.

"वय एकोणसत्तर. आजार?"

"काही नाही."

"आणि गुडघे?"

"ते माझ्याबरोबरच म्हातारे झालेत. त्याला आजार म्हणत नाहीत."

ती हसली. "आजपासून रोज जिने चढायचे. सराव नको? आईने केला होता ना." मग तिचा आवाज चढला. "केला कसला, करावा लागला. लिफ्ट बंद, आणि तिचा पार्ट मागवायला सोसायटीच्या कमिटीने नऊ दिवस लावले. कोर्टात खेचायला हवं होतं एकेकाला. तुम्हीच नको म्हणालात."

वर्षभर हे ऐकून लिफ्टवाले गप्प बसत आले होते.

गेल्या वर्षी यात्रेला महिना उरला होता. बायकोने लोकरीचे मोजे आणले, दोघांच्या पिशव्या भरल्या. पण चौथ्या मजल्यावरून खाली उतरायलाही तिला लिफ्ट लागायची. बाजारातून आली की धाप लागायची. "अगं, सवय मोडलीय तुझी," ते म्हणायचे. मोटर बरेच दिवस बंद असली की आधी कुरकुरते, चालवत राहिलं की मोकळी होते. जन्मभर त्यांनी हेच पाहिलं होतं. एका दुपारी ते वर मशीनच्या खोलीत गेले, खटका पाडला आणि खाली 'दुरुस्ती चालू' अशी पाटी लावली. पार्ट यायचाय, कमिटी मागवतेय, असं शेजाऱ्यांना सांगितलं; कमिटीला सांगितलं, पार्टचं मीच बघतो. त्यांच्या शब्दावर कोण शंका घेणार?

नवव्या दिवशी ती तिसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी बाजूला ठेवून पायरीवर बसली, ती उठलीच नाही. हृदय कित्येक महिन्यांपासून थकलेलं होतं, डॉक्टर म्हणाले. तिला खाली न्यायला लिफ्टवाल्यांनी धावत जाऊन खटका वर केला. लिफ्ट लगेच चालू झाली. त्या गडबडीत ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"लिफ्ट बिघडली नव्हती," ते आता म्हणाले. "मी बंद ठेवली होती. तिला सराव व्हावा म्हणून."

लेकीने मान वर केली.

"आईला माहीत होतं?"

"नाही. रोज विचारायची, अहो, कधी येणार तुमचा तो पार्ट? मी म्हणायचो, उद्या."

लेक उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला आणि वाहतच राहिला. ती परत आली तेव्हा चेहरा ओला होता.

"हे मला आज का सांगितलंत?"

"तू कमिटीला शिव्या देतेस. त्या माझ्या वाटणीच्या आहेत."

"मग मी तुम्हाला शिव्या देऊ?"

"दे."

तिने अर्धवट भरलेला अर्ज बाजूला सारला. "मी नाही येणार तुमच्याबरोबर," ती शेवटी म्हणाली. "जायचं असेल तर एकटे जा."

"बरं," लिफ्टवाले म्हणाले.

ती निघून जाईल असं त्यांना वाटलं. पण ती समोरच्या खुर्चीत बसली आणि त्यांच्याकडे न बघता बसूनच राहिली. तेही उठले नाहीत.