निळ्या पट्टीचं खोकं

तुम्हीच मारताय त्या पोरीला, आरोग्य खातेवाल्यांनो. पोतोसी शहराच्या इस्पितळामागे प्रयोगशाळेची इमारत बांधलीत, फीत कापलीत, फोटो काढून घेतलेत आणि दाराला कुलूप ठोकून गेलात. पेशी तपासायचं यंत्र अजून प्लास्टिकात गुंडाळलेलं आहे. टाचा उंचावल्या तर खिडकीतून दिसतं. बेनिताने बघितलंय.

बेनिता कोंदोरी बाजारात जांभळ्या मक्याचं गरम पेय, आपी, विकते. तिची नायरा सात वर्षांची. आधी अंगावर काळेनिळे डाग, मग न हटणारा ताप, मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रक्ताचा कॅन्सर.

"पण बेनिताताई, पोरांचा हा पुष्कळदा बरा होतो. कुठल्या जातीचा आहे एवढं कळू दे. पेशीतली गुणसूत्रं बघावी लागतील."

नायराच्या कमरेच्या हाडातून तपासायला मगजाचा नमुना काढला आणि लगेच औषधं सुरू झाली. थांबायची सोय नव्हती. औषधाने दुखण्याच्या पेशी मरू लागतात, मग तसा नमुना पुन्हा मिळत नाही. तो तपासतात कुठे, हे बेनिताने विचारलं नाही. इमारत तर समोर उभी होती!

दुसऱ्या दिवशी, शहरात चालू असलेल्या रास्ता रोकोत तिच्या वस्तीची पाळी. घरटी एक माणूस यायलाच हवं, नाहीतर वस्तीवाले पाण्याचा नळ तोडतात. पण बेनिता धाकाने नाही गेली, रागाने गेली. मागणी तिचीच होती: प्रयोगशाळा उघडा. बहिणीला पोरीजवळ बसवून तिने ला पास शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दगड रचले. अँब्युलन्स आली की बाया स्वतः दगड बाजूला करत. बाकी कुणाला वाट नाही.

एक बसवाला खाली उतरला. हातात निळ्या पट्टीचं थर्माकोलचं खोकं.

"मावश्यांनो, दवाखान्याचं आहे. जाऊ द्या."

"काल एकाच्या दवाखान्याच्या खोक्यात मासे निघाले!" बेनिता ओरडली. बाया खो खो हसल्या. "तुझ्यात काय, लिंबू आणि मिरची?"

"आई शप्पथ, मला माहीत नाही काय आहे."

"मग बस गप. ये, आपी पी."

तो आपी प्यायला. खोकं परत बसच्या पोटात गेलं, आणि रस्ता दोन दिवसांनी सुटला.

जात न कळताच, नेहमीच्या औषधांनी नायरा बरी झाली. केस आले, शाळेत जाऊ लागली. वर्षभराने दुखणं परतलं. या खेपेला डॉक्टरीणबाई नमुना स्वतः मांडीवर घेऊन ला पासच्या प्रयोगशाळेत गेल्या.

"नऊ आणि बावीस नंबरच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदललेत," त्या म्हणाल्या. "दोन बसमधल्या गाठोड्यांची अदलाबदल व्हावी तसं. या जातीला वेगळी गोळी लागते. पहिल्यापासून दिली असती, तर बरीच आशा होती."

"आणि आता?"

"आता देऊच. पण आशा थोडी आहे, ताई."

"पहिल्या वेळी का नाही कळलं?"

"नमुना पोचेस्तोवर पेशी मेल्या होत्या. बस अडकली होती."

बेनिताने विचारलं, "कशात घातला होता?"

"थर्माकोलच्या खोक्यात. निळी पट्टी लावून. का हो?"

बेनिताने नायराला उरलेलं आपी पाजलं, तिचं तोंड पुसलं, आणि सकाळी ती थेट तुमच्या कचेरीत आली. तुमच्या साहेबाने पाय हलवत ऐकून घेतलं.

"रस्ता कोणी अडवला होता, बाई? आम्ही?"

"मी," बेनिता म्हणाली. "त्या ड्रायव्हरला हसले तीही मीच. मरेपर्यंत ते माझ्या छातीवर राहील. माझं मी सांगितलं."

साहेबाचा पाय थांबला.

"आता तुमचं सांगा. इस्पितळामागे यंत्र असताना माझ्या पोरीचा मगज बसच्या पोटात का होता? कुलूप कोणी लावलं? नाव सांगा."

ती अजून तिथेच, तुमच्या दारात बसली आहे. बोला.