फळीवरची बाटली

थेरगावचा ट्रकांचा मिस्त्री युनूस आईला, रहिमाबीला, तिसऱ्यांदा पुण्याला न्यायला निघाला. कॅन्सरनं ती पार वाळली होती. "आता घरीच सांभाळा" म्हणून डॉक्टरांनी दोनदा परत पाठवलं होतं.

"डॉक्टरला काय कळतंय? मी हात टेकणार न्हाई!" तो बायकोवर खेकसला. मरणाऱ्याच्या तोंडात घालायच्या, मक्केहून आणलेल्या जमजमच्या पाण्याची बाटली फळीवर होती. ती तो कुणाला शिवू देत नव्हता.

आईला उचलून तो दाराशी आला, तर तिनं चौकट घट्ट धरली. त्यानं एकेक बोट सोडवलं. तिनं पुन्हा धरली.

"बस कर, युनूस."

त्यानं तिला अंथरुणावर निजवलं आणि बाटली उतरवली. ट्रकांचे गंजलेले नट खोलणाऱ्या त्या हातांनी तिचं बूच काही निघेना.